नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : किलोमीटर किती, तास किती आणि घरून निघायचं कधी

घाटंजी तालुक्यातल्या एका कास्तकार वडिलांचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. ते विचारतात, "नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को अंतर मोबाइलवर एका ठिकाणी १३,१०० दाखवते, दुसऱ्या ठिकाणी ८,१५० आणि तिसऱ्या ठिकाणी ७,०८०. खरं कोणतं धरायचं? विमान ताशी ९०० किलोमीटरने जाते म्हणतात, म्हणजे पंधरा तासांत पोरगी पोचायला पाहिजे. मग तिकिटावर सत्तावीस तास कसे? आणि दिल्लीहून पहाटे चारला निघालेलं विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला तिथं उतरते, हे कसं काय?"

भाऊ, तिन्ही आकडे खरे आहेत, कारण ते एकाच अंतराचे आहेत. १३,१०० किलोमीटर, ८,१५० मैल आणि ७,०८० सागरी मैल. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो आणि विमान-जहाजवाले वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आकड्यापुढे काय लिहिलंय ते पाहिलं की घोळ मिटतो. त्यातही कुठे वीस-पन्नास किलोमीटर कमीजास्त दिसले तर मनावर घेऊ नका. कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कोणी खरा आकार धरतं. खऱ्या आकारात पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे: मध्यापासून विषुववृत्तापर्यंत ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापर्यंत ६,३५७.

हा चपटेपणा मोजण्याच्या कामात ज्याची हयात गेली तो माणूस आपल्या हिंगणघाटात पुरलेला आहे, हे आपल्या भागातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ मध्ये मद्रासहून त्याने देशाची मोजणी सुरू केली, कन्याकुमारीकडून उत्तरेला ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची साखळी ओढत आणली, आणि १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे येताना हिंगणघाटला तो वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. आज मोबाइल क्षणात अंतर सांगतो, त्यामागे असल्या माणसांचे पाय झिजलेले आहेत. हैदराबाद रोडने जाणं झालं तर पोरांना ती कबर जरूर दाखवा.

आता वाट. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर अमेरिका एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, म्हणून वाटतं विमान सरळ पूर्वेला समुद्र ओलांडून जात असेल, नाहीतर पश्चिमेला युरोपवरून. सपाट नकाशावर भरवसा ठेवू नका. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पृथ्वीगोल असेल. एक दोरा घ्या, एक टोक नागपूरवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो उत्तरेकडे सरकेल. नागपूरहून निघताना या सरळ वाटेचं तोंड उत्तरेला असतं, जरासं पूर्वेकडे कललेलं. मग नेपाळचा पश्चिम भाग, तिबेट, मंगोलिया, सैबेरिया, आर्क्टिक समुद्राची कड, तिथून अलास्का आणि मग पॅसिफिकच्या किनाऱ्याने खाली सॅन फ्रान्सिस्को. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर हेच. तुमच्या मुलीला उन्हाळी ऑगस्टमध्येही खिडकीतून बर्फ दिसू शकतो, तो याच कारणाने.

हे एकदा डोक्यात बसलं की तिकिटाचा निम्मा हिशेब सोपा होतो. नागपूरहून अमेरिकेला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. कुठे बदलायचं? नागपूर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ८५५ किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज १३,२३५. म्हणजे दिल्लीवरून गेलं तर सरळ वाटेपेक्षा सव्वाशे-दीडशे किलोमीटरच वाढतात, दिल्ली जवळजवळ रस्त्यातच पडते. मुंबईवरून गेलं तर आधी ६८० किलोमीटर उलट्या दिशेला जायचं आणि तिथून १३,५१०. एकूण १४,१९०, हजारावर जास्त. आणि आखातातल्या दोहावरून गेलं तर आधी २,८४० आणि मग जवळजवळ १३,०००. एकूण १५,८०० च्या वर, म्हणजे पावणेतीन हजारांच्या आसपास फेरा. आपल्याकडे परदेश म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी मुंबईच येते, आणि युरोप-आखातासाठी ते बरोबरही आहे. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी मुंबईला जाणं म्हणजे पाठीकडे चालणं आहे.

तरीसुद्धा मी एवढ्यावरून दिल्लीचंच तिकीट काढा असं म्हणणार नाही. कारण तो ताणलेला दोरा जिथून जातो तिथून विमान नेहमी जातंच असं नाही.

पहिली अडचण तिबेटची. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं आणि आतली हवा दाबाने धरून ठेवलेली असते. तो दाब गेला तर वरून मास्क पडतात, पण त्यातला ऑक्सिजन थोड्या मिनिटांचा असतो. तेवढ्यात विमानाने दहा हजार फुटांच्या आसपास खाली यायचं असतं, जिथे माणूस विनामास्क श्वास घेऊ शकतो. तिबेटचं पठारच सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे, खाली यायला जागाच नाही. म्हणून विमानं त्याला बाजूने वळसा घालतात, किंवा आधीच सुटकेच्या वाटा आखलेल्या ठरावीक मार्गांवरूनच जातात.

दुसरी अडचण माणसांनी केलेली आहे. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या पुष्कळ देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. सैबेरियावरची वाट त्यांच्यासाठी गेली, आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट उडणाऱ्या अमेरिकी कंपनीने ती सेवा थांबवली. भारतीय विमानांना रशियाचं आकाश खुलं राहिलं. मग २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे पश्चिमेने जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडून फेरा पडला, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. पूर्वेकडून पॅसिफिकवर जाणाऱ्या विमानाला त्याचा त्रास कमी. त्याच वर्षी जूनमध्ये आखातात तणाव वाढला तेव्हा कतारनेही काही तास आकाश बंद ठेवलं होतं. पृथ्वीगोलावरचं अंतर तसूभर बदललेलं नाही, तास मात्र बदलले. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी गेलेल्या भाच्याला किती तास लागले ते या वर्षी धरून चालत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि मला यातलं सगळ्यांत आवडतं ते हेच. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. पाठीवर मिळाला तर विमानाचा जमिनीवरचा वेग तेवढा वाढतो, समोरून आला तर तेवढा कमी होतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोची वाट बदलली. आधी विमान युरोप-अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जायचं. नव्या वाटेने, पॅसिफिकवरून, अंतर झालं सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि तरी पोचायला लागले साडेचौदा तासांच्या आसपास, आधीपेक्षा बरेच कमी, कारण वारा सारा वेळ पाठीशी. पुढे २०१९ मध्ये याच मार्गाचं विमान उत्तर ध्रुवावरूनही गेलं आणि २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला सगळ्या महिला वैमानिकांनी ध्रुवावरून विमान आणलं, कॅप्टन होत्या झोया अग्रवाल. शहरं तीच ठेवून वाटा किती निघतात ते बघा. रोजची वाट कंपनीचे लोक त्या दिवशीचं वारं, हवामान आणि उघडी-बंद आकाशं पाहून काही तास आधी ठरवतात. तुमच्या तिकिटावर ती कुठेही छापलेली नसते.

जाताना आणि येताना तास वेगळे का पडतात याचंही उत्तर यातच आहे. जाताना जो वारा पाठीशी, तोच येताना तोंडावर. म्हणून येताना विमान बहुधा वेगळी वाट धरतं. तरी तास थोडे जास्त लागले तर चिंता करू नका.

काही जणांना समुद्रावरून एवढा वेळ जायची भीती वाटते. तुम्ही विचारलं नाही, पण मुलीच्या आईच्या मनात असेलच, म्हणून सांगते. दोन इंजिनांच्या विमानाला कुठेही असताना, एक इंजिन बंद पडलं तरी, ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावाच लागतो. वाट आखतानाच हा नियम पाळलेला असतो. २०२३ च्या ६ जूनला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान एका इंजिनात बिघाड दिसल्यामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान नावाच्या शहरात उतरवलं. त्यात २१६ प्रवासी होते. शहर लहान, राहण्याची सोय जेमतेम, भाषा परकी. प्रवाशांचे हाल झाले, पण सगळे सुखरूप होते आणि दुसरं विमान पाठवून त्यांना ८ जूनला पुढे नेलं. इतक्या ओसाड मुलखातही उतरायला धावपट्टी होती, ती योगायोगाने नव्हती.

आता तासांकडे. १३,१०० भागिले ९०० केलं की साडेचौदा येतात, तुमचं गणित चुकलेलं नाही. पण ९०० हा वर पोचल्यानंतरचा वेग आहे. जमिनीवर रांगेत थांबणं, वर चढणं, शेवटी खाली येणं, उतरायची पाळी येईपर्यंत घिरट्या, हे सगळं वेळापत्रकातल्या तासांत धरलेलं असतं. नागपूर–मुंबईचंच पाहा. ६८० किलोमीटर, ९०० च्या वेगाने पाऊण तास. वेळापत्रकात मात्र दीड तास किंवा थोडा जास्त. छोट्या उड्डाणात हा वरखर्च निम्मा असतो, लांबच्या उड्डाणात तो अंगावर येत नाही. (समृद्धी महामार्ग नागपूरहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर आहे. जमिनीवरचा रस्ता आकाशातल्या रेषेच्या इतका जवळ जाऊ शकतो, हे मला अजूनही कौतुकाचं वाटतं.) दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट उड्डाणाला मोसम आणि वाटेप्रमाणे पंधरा-सोळा तास धरून चाला. मी हिशेबाला सोळा घेते.

तारखेचं कोडं आता सुटेल. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असतं. दिल्लीहून पहाटे चारला निघाली, सोळा तास उडाली, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले. त्यातून साडेबारा तास वजा करा, तिथे त्याच तारखेची सकाळ, साडेसात. प्रवास सोळा तासांचाच झाला, घड्याळाने मात्र साडेतीनच दाखवले. येताना हेच उलट होतं. तिथून सोमवारी सकाळी दहाला निघालेली मुलगी सोळा तासांनी उतरेल तेव्हा आपल्याकडे मंगळवारी दुपारचे अडीच वाजलेले असतील. कागदावर साडेअठ्ठावीस तास दिसतील. तिकीट पाहताना दोन वेळांची वजाबाकी करू नका. प्रत्येक उड्डाणाशेजारी त्याचे तास वेगळे छापलेले असतात, ते वाचा.

इथेच एक सापळा आहे. "१७ ऑगस्ट, पहाटे ४.००" असं तिकिटावर असलं तर मुलगी दिल्लीच्या विमानतळावर १६ ऑगस्टच्या रात्रीच असली पाहिजे आणि तुमच्या घरून ती १६ च्या सकाळीच निघाली पाहिजे. शिकलेली, नोकरी करणारी माणसंसुद्धा १७ च्या संध्याकाळी फोन करून विचारतात, आता निघू का? तोवर विमान अमेरिकेजवळ पोचत आलेलं असतं. तिकीट आलं की कॅलेंडरवर घरून निघायची तारीख लाल पेनाने लिहा, उड्डाणाची नाही.

सत्तावीस तासांचा हिशेब असा. नागपूरहून संध्याकाळी पाचचं विमान, दिल्लीला सातच्या सुमाराला. तिथे पहाटे चारपर्यंत थांबायचं, नऊ तास. मग सोळा. पाच ते दुसऱ्या दिवशी रात्री आठ, सत्तावीस तास झाले. त्यात तुमचं गाव अजून आलेलंच नाही. गावातून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. गाडीने चार तास धरा, ऑगस्टात पाच. विमानतळावर किमान दोन तास आधी. म्हणजे सकाळी दहाला घर सोडायचं. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, टॅक्सी, दोन-तीन तास. घराच्या दारापासून तिच्या खोलीच्या दारापर्यंत छत्तीस-सदतीस तास होतात आणि त्यातले आकाशातले जेमतेम अठरा.

भाऊ, मी आधी नागपूर विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते, आता यवतमाळात तिकिटांचंच काम करते. या सगळ्या काळात एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसत आली. लोक किलोमीटर आणि आकाशातले तास विचारतात, पण प्रवास मोडतो तो सांध्यांवर: गाव ते नागपूर हा एक सांधा, आणि विमान बदलायचं ठिकाण हा दुसरा. विमानाचं वारं तुमच्या-माझ्या हातात नाही. हे दोन सांधे बरेचसे हातात आहेत.

पहिल्या सांध्याबद्दल स्पष्ट बोलते. ऑगस्टात आपल्याकडे पाऊस कसा येतो ते तुम्हाला मी सांगायला नको. नाल्याला पूर आला की पुलावरून दोन-तीन तास पाणी उतरत नाही आणि फाट्यावर गाड्यांची रांग लागते. त्यातून पोळ्याचे दिवस असले तर ऐनवेळी गाडी मिळत नाही, ड्रायव्हर घरी गेलेला असतो. जमत असेल तर आदल्या दिवशीच नागपूर गाठा. नातलग असतीलच, नसतील तर एका रात्रीची खोली घ्या. हजार-दोन हजारांसाठी लाखाचं तिकीट पणाला लावू नका. त्याच दिवशी जायचंच असेल तर रस्ता दुसरा कोणता ते आधी ठरवून ठेवा आणि निरोप द्यायला येणारी सगळी मंडळी एकाच गाडीत कोंबू नका. वाटेत कोणाच्या घरी चहाला थांबायचं, हे परत येताना.

दुसरा सांधा तिकिटाचा. नागपूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. तसं असलं तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकलं तरी पुढच्या उड्डाणाची सोय लावणं कंपनीवर येतं. नागपूर–दिल्ली वेगळं, दिल्ली–अमेरिका वेगळं काढलं की चार-पाच हजार वाचल्यासारखे वाटतात. वणीकडच्या एका मुलाचं तसंच झालं. पावसात नागपूरचं विमान तीन तास उशिरा सुटलं, दिल्लीहून पुढचं निघून गेलं, आणि दोन्ही तिकिटं वेगळी म्हणून कुणीच जबाबदारी घेतली नाही. घरच्यांना बैलजोडीच्या किमतीचं नवीन तिकीट काढावं लागलं. त्या घरातली ती रात्र मी पाहिली आहे, म्हणून इतकं ठासून सांगते.

नागपूरच्या काउंटरवर मोठ्या बॅगा दिल्या की टॅगवर शेवटचं ठिकाण "एसएफओ" (म्हणजे सॅन फ्रान्सिस्को) आहे ना, हे मुलीने स्वतः पाहावं. असेल तर बॅग थेट तिथे जाईल. "डीईएल" लिहिलं असेल तर दिल्लीला उचलून पुन्हा द्यावी लागेल. अमेरिकेत दुसऱ्याच शहरात आधी उतरून मग सॅन फ्रान्सिस्कोला जायचं असेल, तर त्या पहिल्या शहरात इमिग्रेशन होतं आणि बॅगाही तिथे उचलून पुन्हा द्याव्या लागतात. अशा तिकिटात तिथली थांबण्याची वेळ तीन तासांपेक्षा कमी नको. दिल्लीला आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल तीनवरूनच सुटतात. नागपूरचं विमान टर्मिनल एकला उतरणार असेल तर मध्ये बसने काही किलोमीटर जावं लागतं. मुंबईत टर्मिनल एक आणि दोनचं तेच. दिल्लीत नऊ तास थांबणं कंटाळवाणं वाटतं खरं, पण पहिल्यांदा एकटी जाणाऱ्या मुलीसाठी मी दोन तासांच्या कनेक्शनपेक्षा नऊ तास पसंत करीन. पाच-सहा तास मिळाले तर सर्वांत उत्तम.

मग दोहामार्गे काहीच फायदा नाही का? आहे. नागपूरहून आखाताकडे जाणारं विमान त्या दिवशी मिळत असेल, तर इमिग्रेशन नागपुरातच होतं, बॅग इथूनच पुढे लागते, दिल्ली-मुंबईची टर्मिनलं टळतात. पावणेतीन हजार किलोमीटर जास्त उडूनही एकूण तास कधीकधी दिल्लीइतकेच, क्वचित कमी निघतात. मात्र ही उड्डाणं रोज नसतात, वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं आणि आखातातलं आकाश कसं आहे तेही पाहायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत जाणारी मुलं असतील तर मी उलट सल्ला देते: दिल्लीला त्या दिवसांत धुक्याने विमानं तासन्‌तास अडकतात, तेव्हा मुंबई किंवा आखात बरं, हजार ते पावणेतीन हजार किलोमीटर जास्त पडले तरी.

तुमची मुलगी ऑगस्टात चालली आहे, धुक्याचा प्रश्न नाही. माझं मत: दिल्लीमार्गे, एकाच पीएनआरवर, दिल्लीत किमान पाच तास, आणि आदल्या रात्रीचा मुक्काम नागपुरात. विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर अभ्यासक्रम सुरू व्हायची तारीख असते, तिच्या तीस दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत शिरू देत नाहीत, तेवढं तारीख धरताना पाहा. पासपोर्ट, आय-२०, फी भरल्याच्या पावत्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

ती आकाशात असताना फोन लागणार नाही. फ्लाइटरडारसारख्या ॲपवर विमानाचा नंबर टाकून तुम्ही घरी बसून ते कुठवर गेलं ते पाहू शकता. समुद्रावर किंवा उत्तरेकडच्या निर्जन भागात विमान मध्येच नकाशावरून नाहीसं होतं, कारण त्याचा सिग्नल पकडणारी यंत्रं जमिनीवर असतात आणि तिथे जमीन नाही किंवा वस्ती नाही. काही तासांनी ते अलास्का-कॅनडाकडे पुन्हा दिसतं. हे आधीच घरात सगळ्यांना, विशेषतः आजीला, सांगून ठेवा. उतरल्यावरही लगेच फोन येणार नाही. इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत, आणि तिथला सिम चालू व्हायला वेळ लागतो. विमान उतरल्यापासून तीन तास वाट पाहा, मग काळजी करा.

पुढे रोजच्या बोलण्यासाठी: तिची सकाळ आठ म्हणजे आपली रात्र साडेआठ. वावरातून येऊन जेवणं आटोपल्यावर निवांत बोलता येईल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात, तेव्हापासून तिची सकाळ आठ म्हणजे आपली साडेनऊ होईल, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेआठ.